डोळ्याखालचा खळगा

मनुष्याच्या गुणांची यादी करायला बसले, की दया, क्षमा, शांती, धैर्य ही मंडळी आपण होऊन पुढे येऊन बसतात. जुगुप्सेला कोणी बोलावत नाही. रसांच्या मांदियाळीत बीभत्सालाही जागा आहे खरी, पण ती नकोशा पाहुण्याला दाराजवळची खुर्ची द्यावी तशी. ज्याला किळस येते त्याला आपण नाजूक म्हणतो, नखरेल म्हणतो. ज्याला कशाचीच किळस येत नाही त्याला व्यवहारी म्हणून मान देतो. वास्तविक ज्या धातूपासून हा शब्द निपजला, त्याचा अर्थ रक्षण करणे असा आहे. द्वेष काही नष्ट करू पाहतो, जुगुप्सा काही राखू पाहते. जिभेला नासलेले अन्न कळते म्हणून देह तगतो. मनालाही तसेच एक इंद्रिय असते, आणि ते बहुतेकांचे चाळिशीच्या आत बोथट होते. ज्या थोड्यांचे शेवटपर्यंत शाबूत राहते, त्यांचे आयुष्य सुखात जात नाही. त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांचे तर मुळीच नाही.

अशी एक बाई एका फोटो स्टुडिओत एकोणचाळीस वर्षे कामाला होती. सगळे तिला नकोबाई म्हणत. समोरच्याचे वाक्य पुरे व्हायच्या आत तिचे "नको" तयार असे. कोणी चहा पुढे केला, की ती कपाच्या काठाकडे पाही आणि म्हणे, "नको. मागच्याचे ओठ अजून आहेत त्यावर." तिचे खरे नाव पगाराच्या कागदावर तेवढे होते, आणि तिथेही स्टुडिओच्या मालकाने ते दोनदा चुकीचे लिहिले होते.

स्टुडिओ रहदारीच्या रस्त्यावर, एका बाजूला औषधांचे दुकान आणि दुसऱ्या बाजूला बूट दुरुस्तीची टपरी, अशा बेचक्यात होता. दर्शनी काचेत नमुन्याचे तीन हसरे चेहरे लावलेले. आत एक बाक, एक पडदा, पडद्यामागे स्टूल आणि पांढरी भिंत, आणि त्याच्याही मागे दोन संगणक जेमतेम मावतील अशी बिनखिडकीची खोली. त्या खोलीत गरम प्लॅस्टिकचा, डिंकाचा आणि माणसांच्या घाईचा असा एक मिश्र वास कायम कोंडलेला असे. आरशाखाली सर्वांसाठी एक कंगवा दोरीने बांधला होता. त्याच्या दातांत आठवडाभराचे केस आणि तेलाचा काळा गर साचे. नकोबाई दर सोमवारी तो दोन कागदांच्या चिमटीत धरून, मान वळवून, साबणाच्या पाण्यात बुडवी; मंगळवारी दुपारपर्यंत तो पुन्हा पूर्ववत होई. गिऱ्हाईक जिभेला बोट लावून ते जुन्या फोटोवर फिरवी आणि म्हणे, "एवढा डाग जातोय का बघा." नकोबाई तो फोटो टेबलावर ठेवायला सांगे. हातात घेत नसे.

ती एकोणिसाव्या वर्षी इथे आली, तेव्हा आताच्या मालकाचे वडील दुकान चालवत. त्यांनी तिला काचेवर निगेटिव्ह ठेवून टोकदार पेन्सिलीने आणि पात्याने चेहरे साफ करायला शिकवले. त्यांचा एकच दंडक होता: उजेडाने जे आणून दिले तेवढेच आपले, त्यात भर घालायची नाही. पेन्सिल गेली, संगणक आला, म्हातारे मालक गेले, तरी नकोबाईने हा दंडक सोडला नाही. नव्या मालकाला मात्र प्रत्येक माणूस गोरा, गुळगुळीत आणि एकाच वयाचा करून हवा असे. तसा फोटो छपाईयंत्रातून बाहेर आला, की नकोबाई म्हणे, "घ्या. आली साबणाची आणखी एक वडी."

तरीही एक गोष्ट सांगायलाच हवी. डाग काढणे हे तिचे रोजचे काम होते. ओळखपत्राचे, नोकरीच्या अर्जाचे, स्थळांना दाखवायचे, दिवसाला चाळीस-पन्नास चेहरे तिच्या पडद्यावर येत, आणि पुटकुळ्या, व्रण, वांग, देवीचे वण ती एकेका टिचकीने उडवीत असे. हे खोटेपणात मोडते असे तिला कधी वाटले नाही. तिच्या लेखी ती झाडलोट होती. केर काढल्याने घर बदलत नाही, असे ती म्हणे.

एके दिवशी अकराच्या सुमारास एक मध्यमवयीन मुलगा आपल्या वडिलांच्या दंडाला धरून दुकानात आला. वडील उंच, वाळलेले. वीज कंपनीत लाइनमन होते आणि सेवानिवृत्त होऊन बारा वर्षे झाली होती. ते मान किंचित कलती करून, जणू दाराच्या फटीतून बघावे तसे बघत.

"याचं काही होईल का बघा," मुलगा म्हणाला आणि त्याने आपला फोन काउंटरवर ठेवला.

फोनच्या काचेवर बोटांचे तेलकट ठसे होते, आणि एका कोपऱ्यात वाळलेले काहीतरी, बहुधा जेवणातले. नकोबाईने खिशातून स्वच्छ फडके काढून आधी ती काच पुसली आणि मग पाहिले. फोटो जवळजवळ काळा होता. वर डावीकडे चार्जिंगच्या दिव्याचा पांढरा फराटा, त्याखाली दोन चकाकती कपाळे, एका भांड्याची कड, एका ताटाचा काठ, आणि मध्ये अंधारात अंधाराहून किंचित फिकट असे काहीतरी.

"ही आमची आई," मुलाने बोट ठेवले. त्या बोटाखाली सबंध आई झाकली गेली.

"बोट काढा," नकोबाई म्हणाली.

हकीकत अशी निघाली. दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी त्यांच्या घरची वीज गेली होती. स्वयंपाकघरात टेबलाभोवती सगळे जेवायला बसले होते. मुलाने नवा फोन घेतला होता, तो अंधारात कसे फोटो काढतो ते तो बघत होता, आणि आई त्याला रागावत होती. त्यानंतर नवव्या दिवशी ती दुपारी पडली ती उठलीच नाही. आयुष्यभर तिला फोटोचे वावडे. कॅमेरा दिसला की ती तोंडासमोर हात धरी. लग्नातला एक होता, तो पेटीत बुरशीने खाल्ला. चेहऱ्याच्या जागी हिरवी लव उगवली होती. ओळखपत्रावरचा होता, पण तो पोलिसांनी धरून आणल्यासारखा, आणि तोही नखाएवढा.

"मला घाई आहे," लाइनमन म्हणाले. आवाज शांत होता. "काचबिंदू आहे दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणतात सहा महिने धरा. खिडकी रोज थोडी थोडी लावून घेतल्यासारखं होतंय. ती लागायच्या आत एकदा हिला नीट बघून घ्यायचंय. नंतर अंधार झाला तरी चालेल, अंधाराची मला सवय आहे." मग ते थोडे हसले. "चौतीस वर्षं खांबांवर चढलो. साऱ्या गावाचा उजेड दुरुस्त केला, आणि हिचा फोटो निघाला तेव्हा नेमका माझ्याच घरात नव्हता."

मालक आतून ऐकत होता. तो लगबगीने बाहेर आला. "अहो आजोबा, काळजीच सोडा. हल्ली हे मिनिटाचं काम. आंधळा मागतो एक डोळा, आम्ही देतो दोन."

मालकाच्या जिभेला हाड नव्हते. आपण काय बोललो हे त्याच्या लक्षातही आले नाही. मुलाने खाली पाहिले. लाइनमन म्हणाले, "एकच द्या. दुसरा तुम्हाला लागेल."

मालकाने तो फोटो आपल्या संगणकावर मागवला. चेहरे उजळणारा एक नवा प्रोग्राम त्याने आणला होता, त्याचे त्याला फार कौतुक. त्याने एक बटण दाबले. पडद्यावर एक पट्टी भरत गेली, आणि काळोखातून एक बाई एकदम उजेडात आली. तकतकीत गाल. रेखीव भुवया. ओठांच्या आत एका ओळीत बसवलेले दात. "आई," मुलगा म्हणाला. "दहा वर्षांनी लहान दिसतेय."

नकोबाई मागे उभी राहून पाहत होती. तिची नजर चेहऱ्याच्या मध्यावर गेली नाही, कडांवर गेली. कानाची पाळी वितळून केसांत शिरली होती. गळ्याजवळ कातडी आणि कापड यांचा एकच लगदा झाला होता. आणि दोन्ही बाहुल्यांत एकेक पांढरा चौकोन चमकत होता.

"या डोळ्यांत खिडकी कुठून आली?" तिने विचारले. "वीज गेली होती ना?"

"डोळ्यांत कोण बघतंय एवढं," मालक म्हणाला आणि त्याने फोटो छापायला टाकला.

दुसऱ्याची कवळी चुकून आपल्या तोंडात यावी तसे नकोबाईला झाले. ते दात, ते डोळे, ती कातडी, अनोळखी हजारो बायकांच्या चेहऱ्यांतून यंत्राने ओरपून काढलेली उष्टी सामग्री होती. ती कालवून, थापून, त्या अंधारातल्या बाईच्या जागी बसवली होती. अनेक ताटांतले उरलेले एकत्र करून पाहुण्याला वाढावे, आणि वर त्याने बोटे चाटावीत, तसा तो प्रकार होता.

छापलेला फोटो मुलाने वडिलांच्या हातात दिला. लाइनमननी तो चेहऱ्याजवळ नेला, दूर धरला, डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला. आपल्या उरलेल्या फटीतून त्यांनी तो चेहरा तुकड्यातुकड्याने पाहिला: एक डोळा, मग दुसरा, मग हनुवटी.

"बाई चांगल्या घरची दिसते," ते म्हणाले. "कोण आहे?"

"बाबा, आई आहे ती."

लाइनमन पुन्हा वाकले. "असेल बाबा," ते हळूच म्हणाले. "तू म्हणतोस तर असेल. डोळे माझेच गेलेत." आणि त्यांनी तो फोटो पिशवीत ठेवायला मुलाकडे दिला.

नकोबाई मागच्या मोरीपाशी गेली. तोंडावर पाण्याचे चार हबके मारून, चेहरा स्वतःच्या फडक्याने पुसून ती परत आली आणि दुकानाच्या मधोमध उभी राहिली.

"आजोबा, तुमचे डोळे अजून शाबूत आहेत," ती म्हणाली. "ही तुमची बायको नाही. ही कुणाचीच कोणी नाही. यंत्राने बनवलीय."

"नकोबाई, गिऱ्हाइकासमोर?" मालक दबक्या आवाजात म्हणाला.

"गिऱ्हाइकासमोर खोटं चालतं, तर खरं का चालू नये?" मग ती मुलाकडे वळली. "तुम्ही पाठवलात तो फोटो मेसेजमधून आलाय. तिथून येताना त्यातला रस पिळून निघतो, चोथा राहतो. मूळ कुठाय? फोन इकडे द्या."

मूळ एक नव्हताच, सात होते. अंधारात फोटो निघतोय की नाही ते न कळल्यामुळे मुलाने बटण दाबून धरले होते.

"बाकीचे सहा मी पुसणारच होतो," मुलगा ओशाळून म्हणाला. "सगळे सारखेच काळे आहेत."

"पुसू नका," नकोबाई म्हणाली. "बरं केलंत आळशीपणा केलात ते."

मालकाने बजावले, की हे दुकानाच्या वेळात व्हायचे नाही. म्हणून नकोबाई दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते काम करू लागली. डबा न उघडताच घरी जाई. घरी तिची वहिनी होती, भावाच्या माघारी दोघीच राहत. वहिनी डबा उघडून वास घेई आणि म्हणे, "परत तसाच. एका मेलेल्या बाईला चेहरा मिळावा म्हणून जिवंत बाई वाळतेय. अन्नाचं तरी नाव 'नको' ठेवू नका, वन्सं."

"तुमच्या डब्याचा वास येतो," नकोबाई म्हणे.

"माझा कसला. तुम्ही सात वेळा धुता, त्या साबणाचा येतो."

त्या दुपारच्या कामाची रीत अशी होती. कमी उजेडात काढलेल्या फोटोवर वाळू फेकल्यासारखे रंगीत कण पसरतात. ते चेहऱ्यातले नसतात. उजेड अपुरा पडला की कॅमेरा जे बरळतो, ते ते असतात. पण हे बरळणे दर फोटोत वेगळे असते, आणि चेहरा मात्र तोच असतो. नकोबाईने सातही फोटो एकावर एक ठेवून टेबलाच्या कडेला कड, भांड्याला भांडे असे तंतोतंत जुळवले, आणि सातांची सरासरी काढली. सात साक्षीदार स्वतंत्र बसवून त्यांची जबानी घ्यावी तसे हे काम. खोटे बोलणारे सात तऱ्हांनी बोलतात. जे सातांच्या बोलण्यात एकाच जागी येते ते खरे. म्हातारी बोलत होती, म्हणून ओठ प्रत्येक फोटोत वेगळे होते. ते तिने सगळ्यांचे मिसळले नाहीत, चौथ्या फोटोतले तेवढे घेतले. दिव्याच्या उजेडाने सारे निळसर झाले होते. ताटाच्या पांढऱ्या काठावरून तिने रंगांचे माप लावले. मग अंधार उचलायला सुरुवात केली, आणि तोही एकदम नाही. आजाऱ्याला उठून बसवताना मानेखाली हात घालावा तसा, एकेक अंश.

दुसऱ्या दिवशी कपाळ दिसले. तिसऱ्या दिवशी नाक, आणि भुवईचा एक केस उलटा वळलेला. चौथ्या दिवशी सबंध चेहरा होता. डावी बाजू काळोखात बुडालेली, पण उजवी दिव्याकडे. एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड बोलता बोलता उघडे राहिलेले, खालच्या ओळीत एक दात नसलेला. हा चेहरा कोणी रचू शकले नसते. इतका तो कुणाच्याही आवडीला न जुमानणारा होता. नकोबाई त्याच्याकडे पाहत बसली. त्या बिनखिडकीच्या, डिंकाच्या वासाच्या खोलीत तिला बऱ्याच वर्षांत प्रथम कशाचाही तिटकारा वाटला नाही. मग तिने सफाईचा शेवटचा हात फिरवला, उरलेसुरले ठिपके झाडून टाकले, आणि फोटो छापला.

लाइनमन आणि त्यांचा मुलगा दुसऱ्या दिवशी आले. तिने त्यांना बाकावर, दाराच्या उजेडाकडे पाठ करून बसवले आणि फोटो लाइनमनच्या हातात दिला.

त्यांनी तो जवळ नेला. या वेळी इकडे तिकडे सरकवावा लागला नाही. पहिल्याच ठिकाणी ते थांबले.

"हीच," ते म्हणाले. मग फोटो दोन्ही हातांत धरून पुन्हा म्हणाले, "हीच. 'फोन ठेव आणि गिळ आधी' म्हणत होती. तो 'ठ' अजून तोंडात आहे बघा."

मुलगा भिंतीकडे पाहू लागला. मालकही पडद्यातून डोकावून गेला. नकोबाईने हात पाठीमागे बांधले होते, ते सोडले.

मग लाइनमनचे बोट फोटोवर, उजव्या डोळ्याच्या खाली गेले आणि तिथे घुटमळले. त्यांनी फोटो डोळ्यांना अगदी भिडवला.

"इथलं काय झालं?"

"कुठलं?"

"डोळ्याखालचा खळगा. मसुराएवढा." त्यांनी बोट तिथेच ठेवले. "आमचं लग्न होऊन वर्ष झालं असेल. घरात दिवा बसवत होतो, शिडीवर होतो, ही खाली शिडी धरून. हातातली पक्कड सुटली ती हिच्या तोंडावर. डोळा थोडक्यात वाचला. टाके पडले, खळगा राहिला. खांबावरून कधी साधा खिळा पडू दिला नाही मी, आणि घरात पक्कड पाडली. काही भांडण झालं की ही बोलायची नाही, नुसतं तिथं बोट लावायची." त्यांनी स्वतःच्या डोळ्याखाली बोट लावून दाखवले. "मग काय, विषयच संपला."

"बाबा, राहू द्या ना," मुलगा म्हणाला. "उलट बरी दिसतेय. भिंतीवर लावायचाय, खड्डा कशाला हवा?"

"तू गप." मग नकोबाईकडे चेहरा करून, पण रागाने नव्हे, लाइनमन म्हणाले, "बेचाळीस वर्षं तिने मला ते विसरू दिलं नाही, बाई. तुम्ही चार दिवसांत पुसलंत."

नकोबाई आत गेली. तिने सात फोटो उघडले. पहिल्यात, काळोखात, कणांच्या गर्दीत, उजव्या डोळ्याखाली एक काळा ठिपका होता आणि त्याच्या कडेला उजेडाची एक बारीक रेघ. दुसऱ्यात होता. तिसऱ्यात होता. सातही फोटोंत, तिळमात्र न हलता, त्याच जागी होता. सात साक्षीदार एकमुखाने सांगत होते, आणि तिने ऐकले नव्हते. जो नियम ती चार दिवस पाळत होती, तो तिच्याच हाताने शेवटच्या पाच मिनिटांत मोडला होता; आणि भयंकर हे, की मोडल्याचे तिला आठवतही नव्हते. डोळ्यांनी डाग पाहिला, बोटाने उडवला, मनापर्यंत खबरच गेली नाही. पस्तीस वर्षांची सवय. यंत्राने खोटे डोळे बसवले तेव्हा तिने त्याला नावे ठेवली होती. इथे यंत्र नव्हते. तिचे बोट होते.

तिने आपले हात पाहिले. रोज दहा वेळा धुतलेले, नखे कापलेले, स्वच्छ हात. तिला त्यांची शिसारी आली. आजवर जगाची येई, कपांची, कंगव्यांची, लाळ लावलेल्या बोटांची. त्या शिसारीत एक प्रकारचे सुख असते, कारण ती आपल्याला बाहेर ठेवते. ही तशी नव्हती. हिच्यापासून मान वळवायला जागा नव्हती. दिवसाला चाळीस-पन्नास चेहरे, वर्षाचे किती, पस्तीस वर्षांचे किती. कुणाच्या कपाळावर झाडावरून पडल्याची खोक असेल, कुणाच्या हनुवटीवर भावाने मारलेल्या दगडाची, कुणाच्या गालावर आजारपणाची, आणि कुणी म्हातारा किंवा म्हातारी ती खूण शोधत कुठल्या फोटोवर बोट फिरवत असेल. ती ज्याला केर समजून रोज सुपलीत भरत होती, तो केर नव्हता. पडद्याच्या फटीतून समोर काचेतले नमुन्याचे तीन हसरे चेहरे तिला पाठमोरे दिसत होते. तेही तिनेच साफ केले होते.

ती पुन्हा मोरीपाशी गेली. नळ सोडला, आणि हात न धुता बंद केला.

"उद्या या," ती बाहेर येऊन लाइनमनना म्हणाली. "चूक माझी आहे. तुमच्या डोळ्यांची नाही, फोनची नाही. माझी."

"होतं, बाई," ते म्हणाले. "पक्कड सुटते."

त्या दिवशी मालकाने तिला दुकानाच्या वेळात हे काम करताना पाहिले आणि अडवले नाही. तिने शेवटचा हात फिरवण्याआधीची स्थिती पुन्हा पहिल्यापासून, सात फोटोंवरून, उभी केली. खळगा आला. त्याबरोबर गालावर थोडी वाळूही राहिली. ती काढावी असे बोट शिवशिवत होते. तिने काढली नाही.

दुसऱ्या दिवशी लाइनमननी फोटो हातात घेतला आणि आधी तोच शोधला. सापडल्यावर ते जरा मागे रेलले.

"हं," ते म्हणाले. "आता रागावलीय खरी."

यानंतर नकोबाईचे दुकानात जमेना. ती प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारू लागली, "हा तीळ तुमचाच ना? ठेवू? आणि हा व्रण कशाचा?" माणसे बिथरत. एक मुलगी म्हणाली, "तुम्ही फोटो काढता की चौकशी करता?" एकाने तर मालकाला बाजूला घेऊन विचारले, बाईंची तब्येत बरी आहे ना. चेहऱ्यांचे काम मग त्या नव्या प्रोग्रामकडे गेले आणि नकोबाईला लॅमिनेशनच्या यंत्रावर बसवण्यात आले. ज्या गरम प्लॅस्टिकच्या वासाने तिचे डोके उठे, त्याच वासात तिने शेवटची चार वर्षे काढली: आतला चेहरा कसलाही असो, त्यावर पातळ पारदर्शक आवरण चढवीत, बुडबुडा राहू न देता. त्या प्रोग्रामने बनवलेले, डोळ्यांत खिडक्या असलेले चेहरे तिच्या हातांखालून जात. ती ते कडांना धरी. वहिनीने एकदा विचारले, "सोडत का नाही ते काम?" तर म्हणाली, "मीच लावलेली सवय आहे लोकांना. मी कुठं पळू?"

पुढे एका थंडीत ती आजारी पडली आणि पंधरा दिवसांत गेली. वहिनीने तिची फडकी धुऊन, घडी करून, शेजारी वाटून टाकली. तिच्या जागी दुकानात कोणी नेमले नाही, गरज नव्हती.

लाइनमनची नजर डॉक्टरांनी सांगितले होते त्याहून दोन महिने जास्त टिकली, मग गेली. तो फोटो त्यांच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे. दीड फूट रुंद, एक फूट उंच, जरा काळसर. नकोबाईच्या हातचे बाकीचे हजारो चेहरे ओळखपत्रांवर, अर्जांवर आणि इतरांच्या भिंतींवर आहेत, आणि त्यांपैकी एकाही चेहऱ्यावर कुठे डाग नाही.